पांढरीचं शेत

बंगळुरूच्या जांभळ्या मेट्रोमार्गाचं पूर्वेकडचं टोक २५ मार्च २०२३ रोजी खुलं झालं. त्या टोकाच्या स्थानकाला दोन नावं आहेत. आधी व्हाइटफील्ड, आणि मग कंसात कडुगोडी. दोन गावं शेजारी वाढली, एकमेकांत मिसळली, आणि फलक लिहिणाऱ्याने दोघांची सोय लावली, एवढाच अर्थ त्यातून सहसा काढला जातो. पण त्या कंसात एक जुना आणि अवघड प्रश्न दडलेला आहे. गावाचं नाव असतं कोणाचं? ज्याने गाव वसवलं त्याचं, ज्याने जमीन दिली त्याचं, आधीपासून तिथे राहत होता त्याचं, की आज तिथे राहतो त्याचं? नाव बदलण्याच्या आणि नाव राखण्याच्या चळवळी या प्रश्नाचं उत्तर हक्काच्या भाषेत देतात. मला ती भाषाच चुकीची वाटते. गावाचं नाव हा हक्काचा दाखला नाही, ती ऋणाची नोंद आहे, असं मी मानतो. आणि ऋण हा धर्मविचाराचा विषय असल्यामुळे गावाच्या नावाचा प्रश्नही शेवटी तिथेच जाऊन पोचतो.

आधी व्हाइटफील्डची हकीकत. म्हैसूर संस्थानाचा कारभार ५० वर्षं इंग्रज कमिशनरांच्या हाती होता. तो २५ मार्च १८८१ रोजी दहावे चामराजेंद्र वडेयर यांच्याकडे परत आला. पुढच्याच वर्षी, १८८२ मध्ये, या तरुण राजाने युरेशियन आणि अँग्लो-इंडियन लोकांच्या संघटनेला बंगळूरच्या पूर्वेला शेतीवसाहतींसाठी ३,९०० एकर जमीन दिली. बाप युरोपीय आणि आई इथली, अशा घरांतून हा समाज निर्माण झाला होता. १७९१ मध्येच ईस्ट इंडिया कंपनीने एतद्देशीय आईच्या मुलांना आपल्या मुलकी आणि लष्करी अधिकारपदांचे दरवाजे बंद केले होते. तेव्हापासून हे लोक कारकुनी, तारखातं, रेल्वे अशा दुय्यम नोकऱ्यांवर जगत होते. इंग्रज त्यांना आपले म्हणत नव्हते, आणि इथल्या गावगाड्यातही त्यांना जागा नव्हती. मद्रासच्या डी. एस. व्हाइट यांनी या लोकांची संघटना बांधली. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं, की नोकरी देणाऱ्याच्या मर्जीवर जगणारा समाज स्वाभिमानी होऊ शकत नाही, त्याला स्वतःची जमीन हवी. जमीन संघटनेने मागितली, संघटनेला मिळाली, आणि सभासदांना घरासाठी आणि शेतीसाठी तुकडे वाटून देण्यात आले. मधोमध गोलाकार मोकळं मैदान, भोवती घरं, जवळ प्रार्थनामंदिर, अशी या गावाची आखणी झाली. भारतात सहकारी संस्थांचा कायदा आला १९०४ मध्ये, आणि गदगजवळच्या कणगिनहाळला पहिली सहकारी पतसंस्था निघाली १९०५ मध्ये. त्याच्या वीसबावीस वर्षं आधी हा प्रयोग झाला. सहकार हा शब्द कागदावर नव्हता, पण कल्पना तीच होती. गावाला नाव मिळालं ते व्हाइट यांच्या आडनावावरून. जमीन देणाऱ्या राजाचं नाव त्यात नाही, शेजारच्या कडुगोडीचंही नाही.

हे नाव मराठी कानाने ऐकलं तर त्यातून वेगळंच काही ऐकू येतं. आपल्या दख्खनी गावाचे दोन भाग असतात, काळी आणि पांढरी. काळी म्हणजे कसायची जमीन, आणि पांढरी म्हणजे राहायची, गावठाणाची. त्र्यंबक नारायण आत्रे यांच्या १९१५ सालच्या 'गावगाडा'मध्ये ही विभागणी गावाच्या रचनेचा पाया म्हणूनच येते. पांढरी हे नुसतं मातीच्या रंगाचं नाव नाही. जुन्या वापरात पांढरी म्हणजे गावात राहणारी सगळी माणसं, त्यांचा समुदाय. तरीही रंगाची गोष्ट खरीच आहे, आणि फार बोलकी आहे. मुळात ती जमीनही काळीच असते. पिढ्यान्‌पिढ्या चुलीतली राख, पडलेल्या भिंतींची माती, चुना, शेणसारवण, जनावरांचा गोठा, हे सगळं तिच्यात मुरत जातं आणि माती पांढुरकी होते. गाव उठून गेलं, घरं पडली, नाव विसरलं गेलं, तरी माती पांढरीच राहते. दख्खनमधली ताम्रपाषाणयुगीन वस्त्यांची कित्येक ठिकाणं पुराणवस्तुसंशोधकांना अशाच पांढरीच्या टेकाडांत सापडली. लोकांच्या तोंडी त्या टेकाडाचं नावही तेवढंच, 'पांढरी'. नांगर काळ्या रानातून चालता चालता पांढऱ्या मातीत शिरला, की शेतकऱ्याला कळतं, इथे कधीतरी माणसं नांदत होती. म्हणजे इंग्रजी न जाणणाऱ्या जुन्या मराठी कुणब्याला 'पांढरं शेत' असं सांगितलं असतं, तर त्याने एकच अर्थ घेतला असता: वस्ती होऊन गेलेली जमीन. आडनावावरून पडलेल्या नावात हा अर्थ कोणी घातलेला नाही, हे उघड आहे. पण पुढच्या विचाराला तो वाट दाखवतो.

पांढरी आणि काळी यांच्यामधला दुवा म्हणजे नावं, आणि या बाबतीत आपल्या जुन्या जमीनव्यवस्थेत एक अशी रीत होती जिचा विचार फारसा झालेला नाही. गावची जमीन थळांमध्ये वाटलेली असे, आणि ज्या कुळाने ते थळ मुळात लावलं त्या कुळाच्या नावाने ते ओळखलं जाई. कूळ नांदतं असेपर्यंत ते मिरासदार. पोटासाठी परमुलखात गेलेला मिरासदार बऱ्याच वर्षांनी परतला, तरी आपली जमीन मागू शकत असे. पण कूळच संपलं, मागे कोणी उरलं नाही, की त्या जमिनीला 'गतकूळ' म्हणत. ती मग गाव दुसऱ्या कोणाला, बहुधा बाहेरून आलेल्या उपऱ्याला, कसायला देई. लक्षात घ्यायची गोष्ट पुढे आहे. जमीन दुसऱ्याकडे गेली तरी थळाचं नाव बदलत नसे. पेशवाई बुडाल्यावर पुण्याचा पहिला इंग्रज कलेक्टर झालेल्या रॉबर्टसनने गावोगावचे थळझाडे, म्हणजे थळांच्या नोंदी, पाहिले, तेव्हा त्याला हेच दिसलं. ज्यांचा एकही वंशज गावात नाही अशा घराण्यांच्या नावांनी जमिनी चालू होत्या, आणि शेजारी आजच्या कसणाऱ्याचं नाव लिहिलेलं होतं. हे नाव हक्क म्हणून राहिलेलं नव्हतं, कारण हक्क सांगायला कोणी उरलंच नव्हतं. विस्मरण म्हणूनही नव्हतं, कारण कागद वेळोवेळी नव्याने लिहिले जात होते आणि दर वेळी ते नाव पुन्हा लिहिलं जात होतं. मग ते का राहिलं? मला एकच समाधानकारक कारण दिसतं. दगड वेचून, झाडोरा तोडून हे रान कोणीतरी पहिल्यांदा कसण्याजोगं केलं होतं. आज पीक घेणारा त्या कष्टावर उभा आहे. ते ऋण आता फेडता येत नाही, कारण फेडून घ्यायला कोणी नाही. न फिटणाऱ्या ऋणाबाबत माणूस फार तर ते कबूल करू शकतो, आणि नाव लिहिणं ही ती कबुली.

देवऋण, ऋषिऋण आणि पितृऋण यांचा आपल्या परंपरेतला विचार याच जातीचा आहे. पूर्वजांकडून मिळालेलं त्यांनाच परत देता येत नाही, ते पुढच्यांना द्यायचं आणि मागच्यांचं नाव घ्यायचं. श्राद्धात गोत्र आणि नाव उच्चारून पाणी सोडतात ते याच अर्थाने. फरक एवढाच, की थळाच्या नावात हे ऋण रक्ताच्या नात्याबाहेर जातं. कसणारा उपरा त्या गेलेल्या कुळाचा कोणीही नसतो, तरी ते नाव तोच चालवतो. मला हे श्राद्धापेक्षाही मोठं वाटतं.

व्हाइटफील्ड वसवणारे लोक ख्रिस्ती होते, म्हणून त्यांच्या ग्रंथातही डोकावायला हवं. योहानाच्या शुभवर्तमानाच्या चौथ्या अध्यायात येशू शिष्यांना कापणीला आलेल्या, पांढुरक्या दिसणाऱ्या शेतांकडे पाहायला सांगतो, आणि लगेच जाणीव करून देतो की पेरणारे वेगळे होते, तुम्ही दुसऱ्यांच्या श्रमात वाटेकरी झाला आहात. गावाला नाव देणाऱ्यांच्या मनात हा अध्याय होता असा माझा दावा नाही. पण तो प्रसंग कुठे घडतो ते पाहण्यासारखं आहे. स्थळ आहे शोमरोनातलं एक गाव. तिथल्या लोकांना यहुदी लोक मिश्र रक्ताचे म्हणून दूर ठेवत. जवळच याकोबाने आपल्या मुलाला, योसेफाला, दिलेली जमीन आहे, आणि तिथली विहीर त्या काळीही याकोबाच्याच नावाने ओळखली जात होती. पाणी भरत होती ती शोमरोनी बाई, आणि विहिरीला नाव होतं कधीच्या काळी होऊन गेलेल्या पूर्वजाचं. पांढरी शेतं, दुसऱ्याचे कष्ट, मिश्र रक्ताचे नाकारलेले लोक आणि गेलेल्याच्या नावाची विहीर, हे सगळं एकाच अध्यायात आहे. युरेशियन वसाहतकऱ्यांना स्वतःची गोष्ट सांगायला याहून जवळचा उतारा मिळाला नसता. आणि त्या उताऱ्याचा रोखही ऋणावरच आहे.

यावर पहिला मोठा आक्षेप आपल्याच तत्त्वज्ञानातून येतो. नावाला इतकं महत्त्व कशाला? वैयाकरणांनी शब्दांचे प्रकार सांगताना 'यदृच्छाशब्द' असा एक प्रकार सांगितला. डित्थ, डवित्थ यांसारखी ही नावं, ठेवणाऱ्याच्या इच्छेखेरीज त्यांना दुसरा आधार नाही. शब्द आणि अर्थ यांचा संबंध नित्य मानणारे मीमांसकसुद्धा अशी विशेषनामं माणसांनी ठेवलेली असतात हे मान्य करतात. नैयायिकांना तर सगळाच शब्दार्थसंबंध संकेताचा. मग व्हाइटफील्ड म्हणा नाहीतर आणखी काही, संकेत बदलला की नाव बदललं. उपनिषद याहून पुढे जातं. छांदोग्याच्या सहाव्या अध्यायात उद्दालक श्वेतकेतूला मातीचा दाखला देतो. मडकं, घडा, परळ ही वाणीने दिलेली नावं, खरी फक्त माती. त्या न्यायाने कडुगोडी काय आणि व्हाइटफील्ड काय, खाली माती एकच.

संकेताचा मुद्दा मला मान्य आहे, पण त्यातून निघणारा निष्कर्ष मान्य नाही. संकेत म्हणजे करार, आणि करार एकट्याचा नसतो. बारशाला बाळाच्या कानात नाव सांगते ती आत्या. नाव ज्याचं त्याला त्या वेळी बोलताही येत नाही, पण पुढे आयुष्यभर त्या नावाला ओ द्यायचं काम त्याचं. नाव मनमानीने ठेवलेलं असू शकतं, पण एकदा माणसं त्याला ओ देऊ लागली की ते मनमानीने पुसता येत नाही, कारण आता त्यात ओ देणाऱ्यांचाही वाटा असतो. आणि उद्दालकाच्या मातीला माझं उत्तर पांढरी हेच आहे. त्याचा दाखला मडक्यापुरता बिनतोड आहे, कारण मडकं फुटलं की माती पहिल्यासारखीच. गावाचं तसं होत नाही. गाव मोडलं तरी माती पहिल्यासारखी होत नाही, ती पांढरी होऊन राहते. माणसांचं राहणं मातीत उतरतं. नाव जर त्या राहण्याची नोंद असेल, तर मातीच त्या नावाला साक्ष असते. ब्रह्माच्या पातळीवर उद्दालकाचं म्हणणं खरं असेल, पण शेताच्या बांधावर माती इतकी निर्विकार नसते.

उलट्या बाजूने वारकरी म्हणेल, नाम आणि नामी वेगळे नाहीतच, मग नावाला हात का लावायचा? ते अभेदाचं सत्य देवापुरतं आहे. देव जात नाही, म्हणून त्याचं नाव कधी गतकूळ होत नाही. माणसांची नावं होतात. गावाच्या नावाला देवाच्या नावाचं सोवळं घालणं ही भक्ती नव्हे.

सर्वांत जड आक्षेप मात्र इतिहासाचा आहे, आणि त्याला घाईने उत्तर देता येणार नाही. व्हाइटफील्ड हे परकी सत्तेच्या सावलीत पडलेलं नाव. ऋणाची नोंद म्हणता, मग कडुगोडी, हगदूर, इम्मडिहळ्ळी, नल्लूरहळ्ळी या गावांच्या गुराख्यांचं ऋण कुठे नोंदलं? सरकारी कागदावर जी जमीन पड म्हणून लिहिलेली असते ती गुरं चारणाऱ्याच्या लेखी पड नसते. आपल्याकडे गायरान, कानडीत गोमाळ. शिवाय कारकुनी आणि तारखात्यातून आलेल्या वसाहतकऱ्यांनी बारमाही नदी नसलेल्या या कोरडवाहू पठारावर एकट्याने नांगर धरला असेल, हे मानणं कठीण आहे. आसपासच्या गावांतल्या मजुरांचे हात त्यात असणारच. ते हात कोणत्या नावात आहेत?

हा आक्षेप मला खरा वाटतो. फक्त तो एकट्या व्हाइटफील्डवर नाही, जवळजवळ सगळ्या गावनावांवर आहे. त्याच मेट्रोमार्गावर थोडं अलीकडे पट्टंदूर अग्रहार हे स्थानक लागतं. अग्रहार म्हणजे ब्राह्मणांना दान दिलेलं गाव. त्या नावाने दान लक्षात ठेवलं, घेणारे लक्षात ठेवले, आणि तिथे शेत कसणारा मात्र त्यातून गळला. म्हणजे नाव परकी की देशी यावर हा अन्याय ठरत नाही. नावं दात्याला आठवतात, घेणाऱ्याला आठवतात, राबणाऱ्याला विसरतात. ऋणाच्या खतावणीत एखादी रक्कम मांडायची राहून गेली असेल तर ती मांडली पाहिजे, पण मांडलेली दुसरी रक्कम खोडून हिशेब बरोबर होत नाही. व्हाइटफील्ड खोडलं तर गुराख्याचं नाव आपोआप वर येत नाही, उलट आणखी एक नाकारलेला समाज विसरला जातो. या समाजाला तर आपल्या जातीचं नावही मागून घ्यावं लागलं. 'युरेशियन' हा शब्द त्यांना हिणवणारा वाटे, आणि १९११ च्या जनगणनेच्या वेळी सरकारने त्यांना 'अँग्लो-इंडियन' म्हणायचं ठरवलं. विधिमंडळातल्या त्यांच्या नामनियुक्त जागांची तरतूदही जानेवारी २०२० मध्ये संपली. आज व्हाइटफील्ड हे बहुतांशी गतकूळच आहे. वसाहतकऱ्यांची मुलं कोलारच्या सोन्याच्या खाणींकडे, रेल्वेकडे, शहराकडे गेली, आणि स्वातंत्र्यानंतर पुष्कळशी घरं ऑस्ट्रेलिया आणि इंग्लंडकडे. १९३३ मध्ये अर्नेस्ट टिमोथी मॅकक्लस्की यांनी रांचीजवळ वसवलेल्या मॅकक्लस्कीगंजचीही अशीच कथा झाली. हक्क सांगायला मागे जवळजवळ कोणी नसताना उरलेलं नाव कोणावर सत्ता गाजवणार?

बंगळूरने स्वतः याबाबत मोठं शहाणपण दाखवलं आहे. बेगूरच्या शिलालेखात, नवव्या शतकाच्या अखेरच्या सुमाराला, 'बेंगळूरु' हे नाव एका लढाईच्या संदर्भात येतं. पुढे केंपेगौडांनी १५३७ मध्ये शहर वसवलं, १६३८ नंतर ते शहाजीराजांच्या जहागिरीत आलं, मग मोगल, मग चिक्कदेवराज. धनी बदलले, नाव राहिलं. शहाजीराजांनी या शहराला आपलं नाव दिलं नाही, याचा मराठी माणसाला अभिमान वाटायला हरकत नाही. आणि १ नोव्हेंबर २०१४ पासून 'बंगलोर' अधिकृतपणे 'बेंगळूरु' झालं, ते जुन्या नोंदीचं शुद्धलेखन होतं. त्यात कोणाचं नाव पुसलं गेलं नाही.

नाव नोंदीपेक्षा अधिक काही असू शकतं, हेही इथे मान्य केलं पाहिजे. गांधीजी १९३६ मध्ये वर्ध्याजवळच्या सेगावात राहायला गेले. टपाल चुकून विदर्भातल्याच शेगावला जाऊ लागलं, म्हणून १९४० मध्ये गावाचं नाव सेवाग्राम झालं. कारण साधं टपालाचं होतं, पण निवडलेलं नाव गेलेल्याची आठवण सांगत नाही, ते राहणाऱ्याकडून काही मागतं. तेलंगणातलं पोचमपल्ली १८ एप्रिल १९५१ ला विनोबांच्या हाती १०० एकर पडल्यानंतर भूदान पोचमपल्ली झालं. तिथे जुनं नाव शाबूत ठेवून पुढे दानाचा शब्द जोडला गेला, आणि मला ही रीत सेवाग्रामपेक्षाही जास्त पटते. गडचिरोलीच्या मेंढा (लेखा) गावाने तर ग्रामदानाच्या कायद्याखाली खाजगी जमिनीची मालकी ग्रामसभेकडे सोपवली. तिथे जमीन आणि नाव दोन्ही सगळ्यांचं. व्हाइट यांच्या संघटनेने जे अर्धवट पाहिलं होतं ते या गोंड गावाने पुरं केलं, असं म्हणता येईल. गावाच्या नावातला कंस मात्र तिथेही आहे.

व्हाइटफील्डमध्ये आता काळी उरलेली नाही. १९९० च्या दशकात तंत्रज्ञान उद्यान आलं, २००७ मध्ये हा भाग महानगरपालिकेत गेला, आणि संघटनेने वाटलेल्या शेतांवर संगणक कंपन्यांच्या काचेच्या इमारती उभ्या राहिल्या. पुणे, नागपूर, कोल्हापूरहून आलेली मराठी मुलंही तिथे राहतात. जुन्या भाषेत तीही उपरीच, दुसऱ्याच्या थळावर पीक घेणारी. त्यात कमीपणा काही नाही, दख्खनची कितीतरी रानं उपऱ्यांनीच हिरवी ठेवली. थळझाड्यात त्यांचं नाव गेलेल्या कुळाच्या नावाशेजारीच, त्याच ओळीत येत असे. मेट्रोच्या फलकावर तेवढाच बदल हवा. कडुगोडी आधीपासूनची आहे, तिला कंसात ठेवायचं कारण नाही. कंस काढावा, आणि दोन्ही नावं एका ओळीत, एकाच मापाच्या अक्षरांत लिहावीत.